नवरा अचानक गेला: रडू आणि मोकळा श्वास, दोन्ही एकाच दिवशी

अर्धविराम (धागाकर्ती)

'दुःखातून सावरावं कसं' यावर इथे बरेच धागे आहेत, त्यात आणखी एकाची भर घालायची नाही. एका नेमक्या अडचणीबद्दल हा धागा आहे. नवरा ध्यानीमनी नसताना गेला. हृदयविकार असेल, अपघात असेल, मेंदूतला रक्तस्राव असेल. दुःख अस्सल आहे, त्यात कुठे नाटक नाही. आणि तरी काही आठवड्यांनी एखाद्या दुपारी तिच्या लक्षात येतं, की आज कुठे जायचं ते कुणाला सांगावं लागलं नाही, कुणाची वाट बघत थांबावं लागलं नाही. क्षणभर बरं वाटतं. मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटते: 'मी अशी कशी?'

एक विनंती. स्वतःच्या घरातल्या कथा नकोत. नातेवाईक वाचतात, ओळख पटते, आणि धागा सांत्वनाकडे वळतो. ज्यांना हे काम जवळून माहीत आहे त्यांनी काय करायचं, काय फसतं आणि का फसतं एवढंच लिहावं.

सुरुवात मी करते. 'सुटका' म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या जातात. एक म्हणजे धाकातून सुटका: आरडाओरडा, दारू, संशय, पैशाचा हिशेब मागणं. दुसरी कामातून सुटका: त्याच्या वेळा, त्याची पथ्यं, त्याचा मूड सांभाळणं. तिसरी सुटका नसतेच खरं तर, ती स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची चव असते, आणि ती अगदी सुखाच्या संसारातल्या बाईलाही लागते. अपराधी वाटायला लागलं की पहिला प्रश्न हाच: यातली कोणती? तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. कागदावर 'मला बरं वाटलं, कारण आता ... करावं लागत नाही' हे वाक्य पुरं करायचं. रिकाम्या जागी त्याचं नाव येत नाही, एखादं काम किंवा एखादी भीती येते. हे स्वतःच्या अक्षरात बघितलं की निम्मा गुंता सुटतो.

---

पाणचक्की

चांगला विषय. हेलकाव्याबद्दल लिहिते, कारण 'सकाळी रडले आणि संध्याकाळी हसले, म्हणजे माझं रडणं खोटं' हा हिशेब जवळजवळ प्रत्येक बाई मांडते.

मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाचं दुपदरी प्रारूप मांडलं. एक पदर गेलेल्या माणसाकडे तोंड केलेला: आठवणी, रडू, ओढ. दुसरा पुढच्या आयुष्याकडे: नवी कामं, नवी ओळख, नवी नाती, आणि शोकातून घेतलेली सुट्टीसुद्धा. त्यांचं म्हणणं असं की माणूस या दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालतो आणि सावरणं त्या येरझाऱ्यांतूनच होतं. म्हणजे मोकळं वाटलेली दुपार ही शोकाला पडलेलं भोक नव्हे, तो शोकाचाच एक भाग.

व्यवहारात याचा उपयोग असा. साधी वही घ्या, पानाच्या मधोमध उभी रेघ. रोज रात्री डावीकडे एक ओळ (आज त्याची उणीव कुठे टोचली), उजवीकडे एक ओळ (आज मोकळं कुठे वाटलं). दोन्हीकडे एकेकच. जास्त लिहायला गेलं की आठवड्याभरात वही बंद पडते. तीन आठवड्यांनी मागची पानं चाळा. दोन्ही बाजू भरलेल्या दिसल्या तर गाडी चालू आहे. सलग तीन आठवडे एकच बाजू भरली असेल तर थांबून बघायला हवं, मग ती कुठलीही असो. सतत उजवीकडेच लिहिणाऱ्या बाईचं सगळे कौतुक करतात, 'किती धीराची' म्हणतात, आणि आतल्या पाण्याला वाट मिळत नाही.

---

शंकेखोर

माफ करा, पण 'सुटका' हा शब्दच खटकतो. वाईट संसारात समजू शकतो. चांगल्या संसारात नवरा गेल्यावर कुणाला बरं कसं वाटेल? की हे सगळं समुपदेशकांनी उकरून काढलेलं आहे?

---

अर्धविराम

@शंकेखोर, प्रश्न रास्त आहे, पुष्कळांच्या मनात असतो.

संसार चांगला म्हणजे त्यात तडजोड नव्हती असं नाही. दिवा किती वाजता मालवायचा, पंखा किती वेगात, पाहुणे कधी, सुट्टी कुठे, आवाज किती मोठा. अशा शेकडो बारीक गोष्टींत दोघंही आपलं माप थोडं कापून घेतात आणि काही वर्षांनी कापल्याचं आठवतही नाही. एक जण गेला की ती मापं एकदम मोकळी होतात. शरीराला ते आधी कळतं: झोपेत पाय पसरतात, कान दाराकडे लागेनासे होतात. मन त्याचा अर्थ नंतर लावतं, आणि बहुतेक वेळा चुकीचा लावतं. चपला काढल्यावर पायाला बरं वाटतं म्हणून चालणं नावडतं होतं असं कोणी म्हणत नाही.

---

तळटीप

थोडी आकडेवारी, कारण 'उकरून काढलेलं' हा आरोप आला आहे.

अमेरिकेत डेट्रॉइट परिसरातल्या वयस्क जोडप्यांचा एक दीर्घ अभ्यास झाला. वैशिष्ट्य असं की लोकांच्या मुलाखती जोडीदार जिवंत असतानाच घेतल्या होत्या, म्हणजे 'आमचा संसार कसा होता' हे मृत्यूनंतरच्या आठवणीवर अवलंबून नव्हतं. त्यावर २००० साली डेबोरा कार आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की ज्यांच्या नात्यात जवळीक आणि अवलंबून राहणं जास्त होतं त्यांना जोडीदार गेल्यावर त्याची ओढ जास्त लागली, ज्यांच्यात खटके जास्त होते त्यांना ती कमी. 'भांडणाऱ्या जोडप्यात मागे राहिलेल्याचा शोक जास्त चिघळतो' या जुन्या समजुतीला त्यामुळे तडा गेला.

त्याच अभ्यासावर जॉर्ज बोनानो आणि सहकाऱ्यांचा २००२ चा लेख आहे. सर्वांत मोठा गट, सुमारे ४६ टक्के, असा निघाला की मृत्यूच्या आधीही आणि नंतरच्या दीड वर्षातही नैराश्याची पातळी कमीच राहिली. सुमारे १० टक्के लोक आधी निराश होते आणि जोडीदार गेल्यावर त्यांची प्रकृती *सुधारली*. हा गट शोधणाऱ्यांनी हौसेने तयार केलेला नाही, मोजमापात आला.

(खबरदारी: हा अभ्यास वयस्क लोकांचा आहे. पस्तिशीत, लहान मुलं पदरात असताना जे होतं त्याला हेच आकडे जसेच्या तसे लावू नयेत.)

---

कातरवेळ

अचानक गेलेल्या माणसाबाबत एक गोष्ट राहून जाते आहे. पहिल्या काही आठवड्यांत जे 'हलकं' वाटतं ते पुष्कळदा सुटका नसतेच, बधिरता असते. दोन्हींची गल्लत झाली की बाई स्वतःला विनाकारण आरोपी ठरवते: 'मला रडूच आलं नाही, म्हणजे मला तो नकोच होता.'

ओळखायचं कसं? बधिरतेला कसलीच चव नसते. वास, आवाज, स्पर्श सगळं काचेपलीकडून आल्यासारखं, वेळ तुटक, कामं यंत्रासारखी बिनचूक. सुटकेला विषय असतो. 'अमुक करावं लागलं नाही' म्हणून बरं वाटतं, आणि त्या क्षणी जग जास्त स्पष्ट दिसतं. बधिरता ओसरताना दुःख उलट वाढतं. दुसरा-तिसरा महिना पहिल्यापेक्षा जड जातो तो यामुळेही, आणि नेमकी तेव्हाच येणारी-जाणारी माणसं आटलेली असतात. मदतीला येणाऱ्यांची यादी करायची असेल तर पहिल्या आठवड्यासाठी नको, सहाव्या ते बाराव्या आठवड्यासाठी करा. त्या काळात आठवड्याला एक ठरलेला वार आणि एक ठरलेलं माणूस. 'काही लागलं तर सांग' ही मदत नव्हे, कारण सांगायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं.

आणखी एक. त्याच्या येण्याच्या वेळेला किल्लीचा आवाज ऐकू येणं, खोलीत तो आहे असं वाटणं, याने बायका घाबरतात. डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये प्रसिद्ध केलं की जवळजवळ निम्म्यांना असं काही जाणवलं होतं, आणि बहुतेकांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं. हे वेड नव्हे. मात्र ज्या घरात धाक होता तिथे हाच आवाज छातीत धस्स करतो. एकाच बाईला तो एका दिवशी हवासा आणि दुसऱ्या दिवशी नकोसा वाटू शकतो.

---

निंबोणी

+१. वाचनखूण साठवली.

---

संपादक मंडळ

घरातल्या कथा सांगणारे दोन प्रतिसाद धागाकर्तीच्या विनंतीनुसार इथून काढले आहेत. स्वतंत्र धाग्यात जरूर लिहा.

---

हिशेबनीस

मी व्यवहाराच्या बाजूने लिहितो, कारण मोकळेपण पहिल्यांदा खऱ्या अर्थाने भेटतं ते पैशाच्या आणि सह्यांच्या जागी. आणि तिथेच ते काढूनही घेतलं जातं.

'वर्षभर कोणताही मोठा निर्णय घेऊ नका' हा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच बरोबर आहे. निर्णय मोठा की लहान हे बघू नका, मागे फिरवता येतो का ते बघा. घर विकणं, नोकरी सोडणं, मोठी रक्कम कुणाच्या व्यवसायात घालणं, उसने पैसे देणं, नातेवाइकांकडे कायमचं राहायला जाणं हे परत फिरवता येत नाही किंवा फार महाग पडतं. हे वर्षभर थांबवा. भिंतीचा रंग, पलंगाची जागा, केस, कपडे, एखादा वर्ग, चार दिवसांचा प्रवास हे सगळं उलटवता येतं. यांना थांबवू नका. यांनाही बंदी घातली की वर्ष म्हणजे कोठडी होते आणि मग तेराव्या महिन्यात घाईघाईने भलतंच काहीतरी होतं.

काही कामं मात्र थांबवायची नसतात. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती एकदम दहाच्या आसपास काढून ठेवा, प्रत्येक ठिकाणी मूळ मागतात आणि पुन्हा रांगेत उभं राहणं त्या दिवसांत नको होतं. त्याचा फोन नंबर लगेच बंद करू नका. बँक, विमा, ईमेल, वीजबिल या सगळ्यांचे पडताळणीचे अंक त्याच नंबरवर येत असतात. आधी यादी, मग एकेक खातं रीतसर बदलणं, सगळ्यात शेवटी नंबर. फसतं ते इथे: भावनेच्या भरात किंवा बिल वाचवायला नंबर बंद होतो आणि आठ खाती कुलपात अडकतात. याच्या उलट चूकही होते. त्याचा गुप्त अंक माहीत आहे म्हणून त्याच्या नावाच्या खात्यातून पैसे काढत राहणं. बँकेला कळवून रीतसर करा, नाहीतर बाकीचे वारस तोच कागद पुढे करतात.

आणि ती रिकामी खुर्ची. नवरा निर्णय घेत होता त्या खुर्चीत महिन्याभरात कुणीतरी येऊन बसतं. मोठा मुलगा, दीर, भाऊ. बहुतेक वेळा प्रेमानेच. तिला बरं वाटल्याचा अपराध सलत असतो, म्हणून ती खुर्ची देऊन टाकते. हा दंड भरण्याचाच प्रकार आहे. वाक्य पाठ करून ठेवा: 'कागद माझ्याकडे ठेवून जा, मी वाचून शुक्रवारी सांगते.' वार ठरलेला असला की समोरचा चिडत नाही, आणि सही त्याच बैठकीत होत नाही. सही त्याच बैठकीत न होणं हीच यातली गोम आहे.

---

पाणचक्की

'दंड भरणं' हे अगदी नेमकं. तो दंड आणखी दोन रूपांत दिसतो.

पहिलं रूप, नवऱ्याला देव करणं. हेलेना लोपाटा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी शिकागोतल्या विधवांचा अभ्यास केला. त्यावरच्या १९८१ च्या लेखात त्यांनी म्हटलं की कित्येक विधवा गेलेल्या नवऱ्याला इतकं वर नेतात की त्याचे मर्त्य माणसाचे दोष उरतच नाहीत. यात तिला आधारही मिळतो: असा माणूस माझा होता, म्हणजे मीही कुणीतरी आहे. पण मोकळेपणाची चव लागलेल्या बाईने हे केलं की काटा उलटा रुततो. जितका तो संत, तितकी ती पापी. उतारा साधा आहे. आठवण सांगताना एक गुण आणि एक खोड एकत्र सांगायची. 'कुणाच्याही मदतीला धावायचे, आणि घरी सांगायला विसरायचे.' खोड सांगितल्यावर माणूस लहान होत नाही, ओळखीचा होतो. सुरुवात विश्वासातल्या एकाच व्यक्तीपाशी करा, भरल्या घरात नको.

दुसरं रूप, स्वतःला आवडणारं काही मिळालं की लगेच त्याच्या बरोबरीचं काही नाकारणं. सहलीला गेली तर महिनाभर कुणाकडे जाणार नाही. हे वहीत पटकन दिसतं.

---

उंबरठा

धाकाच्या संसाराबद्दल सविस्तर लिहायला हवं, तिथे हा गुंता सर्वांत घट्ट असतो.

लोकांची समजूत: मारहाण करणारा गेला, बाई सुटली, शोक कसला? प्रत्यक्षात तिथेही शोक असतो, फक्त त्याचा विषय वेगळा. तो एक दिवस बदलेल ही आशा मेलेली असते. मिळायची राहिलेली माफी आता कधीच मिळणार नाही. सुरुवातीच्या बऱ्या दिवसांतला माणूसही त्याच देहाबरोबर गेलेला असतो. आणि भांडण अर्धवट राहिलेलं असतं, अचानक मृत्यूत तर शेवटचं वाक्यच कटू असू शकतं. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ज्या शोकाला समाज मान्यता देत नाही त्याला वेगळं नाव दिलं. त्यात नाकारलेली नाती येतात, तसं असं दुःखही येतं. इथे तर दोन्ही बाजूंनी दार बंद: दुःख सांगावं तर माहीतगार म्हणतात 'त्याच्यासाठी रडतेस?', सुटका सांगावी तर बाकीचे म्हणतात 'लाज नाही का?'

भेटायला आलेले त्याची स्तुती करतात तेव्हा काय बोलायचं? खोटं बोललं की नंतर स्वतःचाच राग येतो, खरं बोलायची ती जागा नसते. म्हणून खरी पण उघड न करणारी वाक्यं आधीच ठरवून ठेवायची. 'तुम्हाला त्यांची आठवण येते हे दिसतंय.' 'तुम्ही आलात, बरं वाटलं.' 'अजून बोलवत नाही मला.' तिसरं वाक्य कुठेही चालतं, आणि ते नेहमी खरंच असतं.

धोका गेला तरी शरीराचा पहारा उठत नाही. संध्याकाळी ठरावीक वेळेला पोटात गोळा, आवाजाला दचकणं, खर्चाची पावती लपवणं हे महिनोन्महिने चालतं. पावती लपवण्याची सवय मोडायला ती मुद्दाम टेबलावर उघडी ठेवायची, हास्यास्पद वाटलं तरी. समुपदेशक निवडताना पहिल्याच फोनवर विचारा: 'घरातल्या हिंसेनंतरच्या शोकावर काम केलं आहे का?' 'आपण आधी चांगल्या आठवणी काढू' असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. सासरच्यांबरोबर एकत्र बसण्याची सूचना निदान सुरुवातीला स्वीकारू नका.

पत्र लिहायचं असेल तर एक नको, दोन लिहा. एक रागाचं, एक ओढीचं. एकाच पत्रात दोन्ही घातलं की ओढीचं पत्र नेहमी जिंकतं आणि राग पुन्हा आत जातो. दोन वेगळ्या दिवशी, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं, गजर लावून, झोपायच्या आधी नाही. लिहून झाल्यावर हाताला काहीतरी काम हवं.

---

तळटीप

@उंबरठा, पत्राबद्दल एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी. लिहिण्याच्या या पद्धतीचा पाया मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांचं १९८० च्या दशकातलं काम. पण जोडीदार गेलेल्यांवर स्ट्रोबे आणि सहकाऱ्यांनी ती २००२ मध्ये तपासली तेव्हा लिहिण्याने शोक लवकर ओसरला असं दिसलं नाही. तेव्हा ते निवडण-टिपण म्हणून करावं, औषध म्हणून नाही. लिहूनही बरं वाटलं नाही म्हणून आणखी एक अपराध नको.

---

शंकेखोर

मागे घेतो, निदान अर्धं. 'चपला'वाला दाखला पटला. पण मग शोकाचे ते प्रसिद्ध पाच टप्पे कुठे बसतात? नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. त्यात सुटकेचा टप्पाच नाही.

---

पाणचक्की

नाहीच. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते *मरणाऱ्या* रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी बोलून नव्हे. नंतर ते सरसकट सगळ्यांना चिकटवले गेले. विधवेने 'मी कितव्या पायरीवर' हे मोजत बसू नये, तो जिना तिच्या घरातला नाही.

---

घडीचं टेबल

वस्तूंबद्दल. कपाट रिकामं करणं हे सुटका आणि दुःख एकदम अंगावर येण्याचं ठिकाण, म्हणून क्रम महत्त्वाचा.

कपाटापासून कधीच सुरुवात करू नका. आधी जिथे भावना कमी तिथून: जुने चार्जर, दाढीचं सामान, बिलं, उरलेली औषधं. औषधं तर पहिल्यांदा. दुःखातल्या घरात गोळ्यांचा साठा नको, कारण सांगायला नको. एका वेळी पाऊण तास, एकच कप्पा, सोबत एकच माणूस, आणि ते 'अगं टाक ना' म्हणणारं नसावं. चार ढीग: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं, आणि 'आज नाही'. चौथा ढीग खोक्यात घालून वर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. हा चौथा ढीग नसला की दोनपैकी एक होतं: सगळं तसंच राहतं आणि खोलीचं संग्रहालय होतं, किंवा एका दुपारी सगळं दिलं जातं आणि महिन्याने एका शर्टासाठी जीव तळमळतो.

एक वापरलेला, न धुतलेला कपडा घट्ट झिपच्या पिशवीत ठेवा. वास हळूहळू उडतो आणि एकदा धुतला की परत येत नाही. नको वाटलं तर नंतर टाकता येईल.

अचानक गेलेल्या माणसाने आवराआवर केलेली नसते, त्यामुळे नको ते हाती लागू शकतं. कर्जाचा कागद, दुसऱ्या नात्याच्या खुणा. सापडलं की त्या दिवसाचं काम तिथेच बंद. फोटो काढा, पाकिटात घाला, पाकीट बंद करा. पैशाचा कागद त्याच आठवड्यात जाणकाराला दाखवा. बाकीच्याचं उत्तर देणारा माणूसच राहिलेला नाही, तेव्हा त्या रात्री कुणाला फोन लावू नका. राग येईल, आणि त्यासोबत 'आता तरी अपराधी वाटायला नको' असा एक विचित्र दिलासाही येतो. तो फार दिवस टिकत नाही, त्यावर संसाराचा शेवटचा निकाल लिहून टाकू नये.

---

कातरवेळ

मुलांबद्दल थोडक्यात. घरात ताण असेल तर मुलांनाही सुटल्यासारखं वाटतं आणि ती ते लपवतात. लहान मुलाला एक वाक्य पुरतं: 'बाबांची आठवणही येते आणि घर शांत झालं म्हणून बरंही वाटतं, दोन्ही चालतं.' हे आईने एकदा म्हटलं की पोरगं सैल होतं. पण आईने *स्वतःची* सुटका मुलापाशी उघड करू नये, तो भार त्याचा नाही. मोठी मुलं बापाच्या प्रतिमेची राखण करतात, त्यांच्याशी वाद घालून ती मोडत नाही. तुझा बाप आणि माझा नवरा ही दोन नाती होती, एवढं म्हणून विषय सोडावा.

---

नाडीपरीक्षा

डॉक्टरकडे कधी जायचं, हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

छातीत दुखलं, धाप लागली तर 'दुःखाने होतंय' म्हणून घरी बसू नका, लगेच रुग्णालय. तीव्र मानसिक धक्क्याने कधीकधी हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो. जपानमध्ये १९९० च्या सुमारास याचं वर्णन प्रथम झालं आणि तिथल्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून त्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात. रुग्णांत बहुसंख्य पाळी गेलेल्या बायका असतात. बहुतेक बऱ्या होतात, पण घरी बसून हा आणि हृदयविकाराचा झटका यांत फरक करता येत नाही.

लांबलेल्या शोकाचं निदान आता अधिकृत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात मृत्यूनंतर किमान ६ महिने, अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निकष-पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी किमान १२ महिने उलटलेले हवेत. अमेरिकी निकषात तीव्र ओढ किंवा सतत त्याचेच विचार, आणि सोबत आठपैकी तीन लक्षणं, गेला महिनाभर जवळजवळ रोज: आपला एक भाग मेल्यासारखं वाटणं, विश्वास न बसणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, तीव्र वेदना, पुन्हा आयुष्यात शिरता न येणं, बधिरता, अर्थ हरवणं, एकटेपण. या यादीत 'बरं वाटणं' कुठेही नाही, हे मुद्दाम सांगतो.

उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांची बोलून उपचार करायची पद्धत साधारण १६ बैठकांची. २०१६ च्या चाचणीत तिला नैराश्याचं औषध जोडल्याने शोक आणखी कमी झाला नाही, नैराश्याची लक्षणं मात्र कमी झाली. म्हणजे गोळी कशासाठी आहे हे विचारून घ्या. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने नाहीत, आणि मद्यासोबत तर अजिबात नाहीत.

'त्याच्याकडे जावंसं वाटतं' असं ती म्हणाली तर आडून बोलू नका, सरळ विचारा: 'जीव द्यायचा विचार येतो का? कसा, ते ठरवलं आहे का?' विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर.

---

निंबोणी

एक छोटासा प्रश्न, बावळट वाटेल कदाचित. पलंगाची त्याची बाजू. तिथे झोपावं की रिकामी ठेवावी? दोन्ही चुकीचं वाटतं असं खूप जणी म्हणतात.

---

घडीचं टेबल

बावळट अजिबात नाही, सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. एकदम मधोमध झोपायला जाऊ नका, मध्यरात्री जाग आली की दिशाच कळत नाही. आधी त्या बाजूला लांब उशी किंवा गुंडाळलेली चादर. पाठीला टेकायला काहीतरी लागतं, शरीराला इतक्या वर्षांची सवय असते. जमलं तर पलंगाची दिशा बदला, म्हणजे 'त्याची बाजू' भिंतीच्या हिशेबानेच उरत नाही. मग उशी हळूहळू पायाकडे सरकवायची.

---

शंकेखोर

आणि सरकवायची नसेल तर?

---

घडीचं टेबल

तर राहू द्यायची. अभ्रा तेवढा बदलत जा.